कॅबचा आवाज हवा, माइकचा नको

पत्राचा गोषवारा: पुण्यात कर्वेनगरला राहणारे, तिशीतले एक वाचक कॉलेजपासून इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. त्यांच्याकडे १५ वॉटचा, पाठ उघडी असलेला, बारा इंची स्पीकरचा व्हॉल्व्ह कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) आहे. घरात तान्हं बाळ आणि खालच्या मजल्यावर झोपेला जपणारे शेजारी, त्यामुळे कॉम्बोवर सध्या चादर आहे. वाजवणं रात्री, फ्लोअर मॉडेलरवर (ॲम्पची नक्कल करणारं, पायाशी ठेवायचं यंत्र), हेडफोन लावून. खऱ्या स्पीकरचा आवाज आणण्यासाठी त्यात 'आयआर' नावाची छोटी फाइल लावतात. तक्रार अशी : "कुठलाही आयआर लावला तरी माझंच रेकॉर्डिंग ऐकतोय असं वाटतं. मला कॅब ऐकायचीय, कॅबसमोरचा माइक नाही." (कॅब म्हणजे स्पीकर बसवलेला खोका.) विकतचे, फुकटचे असे ढीगभर आयआर लावून झाले. बँडमधला एक मित्र म्हणतो, एसएम ५७ या माइकचा आलेख (कुठला सूर तो किती उचलतो त्याचा) उलटा कर आणि ईक्यूने, म्हणजे सूर कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरने, माइक वजा कर. ड्रमर म्हणतो, पबात कुणाला काही कळत नाही, नाद सोड. प्रश्न : माइक खरंच वजा करता येतो का? पैसे मेजरमेंट माइकवर (मोजमापाचा, आवाजाला रंग न चढवणारा) घालावेत की एफआरएफआर स्पीकरवर (सगळे सूर सारखेच वाजवणारा)? आणि कॉम्बो विकून टाकावा का?

मित्रा,

कॉम्बो विकू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण तेवढं आधी सांगून टाकतो, नाहीतर हे वाचून होईपर्यंत तुम्ही जाहिरात टाकून मोकळे व्हाल.

तुम्हाला जे खटकतंय ते खरं आहे. ते मनाचे खेळ नाहीत आणि चिकित्सकपणाही नाही. ज्याने अनेक वर्षं खोलीत ॲम्प ठेवून वाजवलंय त्याला आयआरमधून येणारा आवाज परका वाटतोच. फक्त तुम्ही आरोपी चुकीचा पकडलाय असं मला वाटतं. तुम्ही माइकला धरलंय, त्याची जागा मात्र तुमच्या तावडीतून सुटली.

आयआर म्हणजे काय ते एकदा नीट समोर ठेवू. स्पीकरला खालपासून वरपर्यंत चढत जाणारा एक सूर देतात, समोरचा माइक तो टिपतो, आणि सॉफ्टवेअर त्यातून एक इवलीशी वेव्ह फाइल काढतं. त्या फाइलमध्ये स्पीकर आहे, लाकडी खोका आहे, माइक आहे, प्रीॲम्प आहे आणि माइक नेमका कुठे, किती अंतरावर, किती तिरका ठेवला होता तेही आहे. सगळं एकत्र शिजलेलं. यातला वरणाचा भाग कुठला आणि फोडणीचा कुठला, हे फाइलला माहीत नसतं.

यात माइकचा स्वतःचा वाटा किती? एसएम ५७ घ्या, कारण बरेच आयआर त्याचेच असतात. शुअर कंपनीने तो १९६५ मध्ये आणला. त्याच्या आलेखात साधारण ५ ते ६ किलोहर्ट्झच्या आसपास एक ठसठशीत उंचवटा आहे. शिवाय तो एका दिशेने ऐकणारा माइक, त्यामुळे उगमाच्या जवळ नेला की खालचा आवाज फुगतो. आता गिटारचा बारा इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने खाली येतो. स्पीकर बनवणाऱ्या सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० किंवा ग्रीनबॅकच्या कागदावर वरची हद्द ५००० हर्ट्झच लिहिलेली असते. म्हणजे स्पीकर जिथे हात टेकतो, नेमकं तिथेच माइक आवाजाला ढकलतो. 'हेडफोनमध्ये कानात टोचतं' असं तुम्ही लिहिलंय, त्यातलं बरंचसं टोचणं इथलं आहे.

मित्राची युक्ती म्हणून अगदीच टाकाऊ नाही. आज रात्री करून बघा, खर्च शून्य. ५७ चा आयआर लावा, त्यापुढे ईक्यू ठेवा, साडेपाच किलोहर्ट्झवर रुंद असा ३-४ डेसिबलचा खड्डा पाडा आणि २०० हर्ट्झच्या खाली लो-शेल्फने (खालचे सगळे सूर एकदम हलवणारा फिल्टर) ३ डेसिबल उतरवा. टोचणं कमी होईल. आणि तरीही दहा मिनिटांनी तुम्ही म्हणाल की रेकॉर्डिंगच वाटतंय, जरा बऱ्या प्रतीचं.

कारण पुढचं. तुमचा कॉम्बो हॉलमध्ये फरशीवर होता तेव्हा तुमचा कान कुठे होता? स्पीकरचा मध्य फरशीपासून वीतभर-दीड वीत वर. तुम्ही दोन मीटरवर उभे, कान साधारण दीड मीटर उंचीवर. हिशोब केला तर तुम्ही स्पीकरच्या सरळ रेषेपासून तीसएक अंश वर होता. बारा इंच म्हणजे ३० सेंटिमीटर; आवाजाच्या लहरीची लांबी तेवढी होते ती ११०० हर्ट्झच्या आसपास. त्याच्या वर जाऊ तसा स्पीकर आवाज चहूकडे टाकायचं सोडून टॉर्चसारखा समोर झोत टाकायला लागतो. तीस अंशांवर उभ्या असलेल्या माणसाला त्या झोताची कडच लागते. म्हणजे तुम्ही 'माझा टोन' म्हणून जो डोक्यात बसवला, तो वरचे सूर बरेच गाळलेला, फरशी आणि भिंतींवरून थोडा उडून आलेला आवाज होता. माइक मात्र जाळीपासून दोन बोटांवर, कोनच्या (स्पीकरच्या कागदी शंकूच्या) एका रुपयाएवढ्या तुकड्याकडे रोखलेला. मध्यावरच्या टोपीकडे रोखला तर करकरीत, इंचभर बाहेर सरकवला तर बोथट. त्या जागी कुठल्याही माणसाने कधी कान ठेवलेला नाही, ठेवूही नये.

त्यात तुमचा कॉम्बो मागून उघडा. अशा खोक्याचा निम्मा आवाज मागून निघतो, भिंतीवर आपटून खोलीत मिसळतो. समोर चिकटवलेल्या माइकला त्याचा पत्ताच नसतो. तुम्हाला आयआर 'सपाट, एका पट्टीत अडकलेला' वाटतो त्याचं एक मोठं कारण हे आहे, आणि ईक्यूने ते भरून निघत नाही.

म्हणून 'माइकशिवाय कॅबचा आवाज' या मागणीबद्दल मला तुम्हाला एक उलट प्रश्न विचारायचाय : कुठून ऐकलेला? कॅबचा असा एकच मूळ, शुद्ध आवाज कुठे ठेवलेला नसतो. कोनच्या मध्यासमोर एक आवाज, कडेला दुसरा, दोन मीटरवर उभं राहून तिसरा, खोलीच्या कोपऱ्यात चौथा. माइक अगदी निर्दोष मिळाला तरी तो कुठेतरी ठेवावाच लागणार. तुम्हाला हवी आहे ती तुमची जुनी उभं राहण्याची जागा. प्रश्न असा मांडला की अर्धी कोडी आपोआप सुटतात.

आणि एक टोचणी. ज्या रेकॉर्ड ऐकून तुम्ही गिटार हातात घेतली, त्यांतला बहुतेक आवाज माइक चिकटवूनच टिपलेला आहे. तो तुम्हाला तिथे खोटा वाटत नाही. म्हणजे हा आवाज वाईट नाही, तो ऐकणाऱ्याच्या खुर्चीतला आहे. तुम्हाला वाजवणाऱ्याच्या जागेवरचा हवाय.

हेडफोन आणि आवाजाची पातळी, हे दोन साथीदार वेगळे काढायला हवेत, नाहीतर त्यांचं पाप आयआरच्या माथी बसतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज हळू केला की कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, अगदी वरचेही थोडे कमी. जॅमरूममध्ये छातीवर आदळणारा ई स्ट्रिंगचा ठोका रात्री अकराला हेडफोनमध्ये मिळणार नाही. तो कानाला नाही, बरगड्यांना कळतो. शिवाय हेडफोनमध्ये आवाज डोक्याच्या मध्यभागी बसतो, कारण डाव्या कानाचा आवाज उजव्याला थोडा उशिराने मिळणं, भिंतीवरून परत येणं, यातलं काहीच होत नाही. एक सोपी चाचणी : तोच प्रीसेट (मॉडेलरमध्ये साठवलेली मांडणी), तोच आयआर, एखाद्या रविवारी सकाळी बऱ्यापैकी स्पीकरवर, उभं राहून ऐका. खटकणं निम्म्यावर आलं तर उरलेल्या निम्म्यासाठीच खटपट करायचीय.

एक मर्यादा मात्र कुठल्याच आयआरने ओलांडता येत नाही. आयआर हा ठरावीक फिल्टर आहे. स्पीकरवर जोर दिला की तो किंचित दबतो, कोन चिरकतो, नोट धरून ठेवली की ॲम्पचा आवाज तारांना परत हलवतो. यातलं काहीही त्या फाइलमध्ये नाही. काही मॉडेलरमध्ये स्पीकर दबण्याची नक्कल वेगळी दिलेली असते. तुमच्यात असेल तर ती थोडी चालू करा.

आता उपाय. आधी फुकटचे.

पहिला म्हणजे मॉडेलरमधली स्वतःची कॅब वापरून माइक जितका लांब नेता येईल तितका लांब न्या, ५७ ऐवजी रिबन किंवा कंडेन्सर जातीचा माइक निवडा, आणि त्यामागे अगदी छोट्या खोलीचा रूम इफेक्ट लावा : शेपूट जवळजवळ नाही, फक्त सुरुवातीचे १०-२० मिलिसेकंदांतले पडसाद, तेही ऐकू येतील न येतील इतकेच. हेडफोनवर हा बदल मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटतो आणि लोक तो सगळ्यात शेवटी करून बघतात. ज्यांच्याकडे केंपर प्रोफायलर हा मॉडेलर आहे त्यांना 'प्युअर कॅबिनेट' नावाचा पर्याय तयारच मिळतो. माइकची धार मऊ करण्यासाठीच तो दिलाय. म्हणजे ही तक्रार तुमच्या एकट्याची नाही, कंपन्यांपर्यंत पोचलेली आहे.

दुसरा म्हणजे आयआर बंद करून नुसत्या ईक्यूने कॅब बनवायची. हे ऐकून हसू नका. बॉस्टन बँडच्या टॉम शोल्झने १९८२ मध्ये रॉकमन नावाचा हेडफोन ॲम्प काढला. त्यात ना स्पीकर, ना माइक, ना कॉन्व्होल्यूशन (आयआर लावण्याचं गणित), नुसते फिल्टर. १९८९ च्या सॅन्सॲम्प पेडलचंही तेच. सुरुवातीला असं लावा : ७५ हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास, १०० ते १२० हर्ट्झवर ३-४ डेसिबलचा उभार (हा स्पीकरचा स्वतःचा घुमारा), ४०० हर्ट्झवर ३ डेसिबलचा खड्डा, अडीच किलोहर्ट्झच्या आसपास ४ डेसिबल वर, आणि साडेचार ते पाच किलोहर्ट्झच्या वरचं दर सप्तकाला २४ डेसिबल कापणारा लो-पास. शेवटचा फिल्टर कोवळा ठेवलात तर डिस्टॉर्शन गुणगुणणाऱ्या डासासारखं वाजेल, म्हणून तिथे कंजुषी नको. हा आवाज खऱ्या कॅबइतका गुंतागुंतीचा नसतो, स्वच्छ टोनवर जरा बाळबोध वाटतो. पण यात माइक खरोखरच नाही. तुमच्या कानाला नेमकं काय हवंय ते शोधायला याच्याइतकं चांगलं साधन नाही, कारण एकेक बटण फिरवून कळतं.

तिसऱ्यासाठी तुमचा चादरीखालचा कॉम्बो लागतो, आणि म्हणून तो विकायचा नाही. त्याचाच आयआर काढा, पण लांबून.

यासाठी मेजरमेंट माइक लागेल. बेहरिंगर ईसीएम ८००० सारखा स्वस्तातला पुरे. तो चहूबाजूंनी सारखं ऐकतो, त्यामुळे जवळ नेला तरी खालचा आवाज फुगत नाही; आणि गिटारच्या पल्ल्यात त्याचा आलेख इतका सरळ असतो की त्याच्या रंगाची काळजी सोडून द्या. ऑडिओ इंटरफेसवर फँटम पॉवर (माइकला वीज पुरवणारी सोय) हवी. सॉफ्टवेअर रूम ईक्यू विझार्ड, फुकट.

घराच्या खोलीत मात्र हे करू नका. दहा बाय बाराच्या खोलीत कॉम्बो आणि माइक दोन्ही दीड मीटर उंचीवर, एकमेकांपासून मीटरभर ठेवले तरी फरशीवरून येणारा पडसाद सहाएक मिलिसेकंदांत माइकवर पोचतो. तो कापून टाकायचा तर १६० हर्ट्झच्या खालचं काहीच धड कळत नाही, ठेवला तर आयआरमध्ये तुमची बेडरूम कायमची चिकटते.

गच्चीवर जा. कॉम्बो गच्चीच्या फरशीवर, समोर दोन मीटरवर माइक फरशीला टेकवून आडवा. माइक जमिनीलाच लागला की थेट आवाज आणि फरशीवरून उडालेला आवाज एकाच वेळी पोचतात, त्यांची मारामारी होत नाही. पातळी तेवढी ६ डेसिबल वाढते. माइकच्या मागे कठडा चार मीटर लांब असेल तर तिथला पडसाद थेट आवाजापेक्षा आठ मीटर जास्त चालून येतो, म्हणजे २३ मिलिसेकंद उशिरा. त्याच्या अलीकडे, २० मिलिसेकंदांवर सॉफ्टवेअरमधली मोजमापाची खिडकी बंद करा, म्हणजे पुढचं सगळं कापा. ५० हर्ट्झपर्यंतचं चित्र मिळतं, आणि गिटारला तेवढं रग्गड झालं. कॉम्बोच्या पाठीमागेही तितकीच मोकळी जागा हवी, कारण उघड्या पाठीतून निघालेला आवाज मागच्या कठड्यावर आपटून परत येतो. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, वाळत घातलेल्या चादरी यांच्यापासून लांब. वारा असेल तर माइकला फोम चढवा.

एक मोजमाप सरळ समोरून. मग माइक तिथेच ठेवून कॉम्बो पंधरा अंश वळवा, मग तीस, मग पंचेचाळीस. दुसऱ्या बाजूलाही तसंच. या सगळ्यांची आरएमएस सरासरी काढा, अंशांपैकी तीसला थोडं झुकतं माप द्या, कारण तुम्ही तिथे उभे असायचा. एका जागी माइक ठेवला की आलेखात जे बारीक बारीक खड्डे पडतात ते त्या जागेचे असतात, स्पीकरचे नसतात; सरासरीत ते विरघळतात आणि सगळीकडे दिसणारा तेवढा स्पीकरचा स्वभाव उरतो. मिनिमम फेज (सुरुवातीचा उशीर काढून टाकणारा पर्याय) करून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाइल काढा. बऱ्याच मॉडेलरमध्ये १०२४ किंवा २०४८ सॅम्पलची जागा असते. १०२४ म्हणजे २१ मिलिसेकंद, आपल्या कामाला नेमकी.

दोन धोके. कॉम्बोचा व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकर काढलेल्या अवस्थेत चुकूनही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. दुसरा जरा आतला आहे. मोजण्यासाठीचा सूर व्हॉल्व्ह ॲम्पमधून दिलात तर स्पीकरच्या इम्पिडन्समुळे (सुरागणिक बदलणारा विद्युत विरोध) खालचा घुमारा आणि वरचे सूर आधीच थोडे उचलले जातात. तुमचा मॉडेलरही पॉवर ॲम्पची नक्कल करताना तेच करतो. दोन्ही एकावर एक चढले की आवाज गढूळ आणि कर्कश एकाच वेळी होतो, आणि माणूस पुन्हा माइकला शिव्या घालतो. म्हणून ॲम्प बंद करून स्पीकरची वायर सोडवा आणि साध्या ट्रान्झिस्टर पॉवर ॲम्पला जोडा. जुना घरगुती स्टीरिओ ॲम्पही चालतो, फक्त तो किती ओहमचा भार पेलतो ते मागच्या पट्टीवर वाचून घ्या. जोडणीच्या वायरी, पिना बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळून जातील.

सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या दिवशी निरोप टाका. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि खालून वर चढत जाणारा तो सूर ज्याने कधी ऐकला नाही त्याला भोंगा वाजल्यासारखा वाटतो. फार मोठ्याने लावायची गरजही नसते. सूर लांबवला, दहा-वीस सेकंदांचा केला, तर मध्यम पातळीवरही गोंगाटाच्या वर निघतो. सकाळी उशिरा, शाळेच्या बस गेल्यावर करा.

अशा आयआरचा पहिला अनुभव निराश करणारा असतो, हे आधीच सांगतो. रेकॉर्डच्या आवाजाची सवय झालेल्या कानाला तो मिणमिणता, लांबचा वाटतो. एक-दोन आठवडे त्यावरच वाजवा, गेन आणि ट्रेबल त्याच्यासाठी नव्याने लावा. ५७ च्या आयआरवर बसवलेले प्रीसेट इथे जसेच्या तसे चालणार नाहीत, कारण ते टोचणं झाकायला तुम्ही ट्रेबल आधीच मारून ठेवला असणार.

पबातल्या कार्यक्रमांसाठी यातलं काहीही पीएला (लोकांसाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरला) पाठवू नका. तिथे ड्रमर बरोबर बोलतोय, कारण भलतं देतोय इतकंच. लोकांना कळत नाही असं नाही. पण ड्रम, बेस आणि गर्दीच्या गलक्यातून गिटार वर यायला ५७ चा तोच उंचवटा कामाला येतो, आणि लांबून टिपलेला आवाज मिक्समध्ये बुडतो. तुमच्या मॉडेलरला दोन आउटपुट असतील तर साउंडवाल्याला जवळच्या माइकचा आयआर द्या, स्वतःच्या मॉनिटरला गच्चीवरचा. जिथे कॉम्बो नेता येतो तिथे कॅब सिम्युलेशन पूर्ण बंद करून मॉडेलर थेट कॉम्बोच्या एफएक्स रिटर्नमध्ये (प्रीॲम्प वगळून सरळ पॉवर ॲम्पला जाणारी जोडणी) घाला, मॉडेलरमधली पॉवर ॲम्पची नक्कलही बंद ठेवून. माइक नसलेला, खराखुरा कॅबचा आवाज हवा असेल तर तो हाच.

मेजरमेंट माइक की एफआरएफआर, तर आधी माइक. तो स्वस्त आहे आणि नंतर खोलीचे स्पीकर लावायलाही उपयोगी पडतो. एफआरएफआर स्पीकर बाळ मोठं होईपर्यंत तसाही मोठ्याने लावता येणार नाही. पुढे घ्यायचा झाला तर दुकानात मॉडेलर आणि तुमचा स्वतःचा आयआर घेऊन जा, स्पीकर टेबलावरून उतरवून फरशीवर ठेवायला सांगा आणि दोन मीटर मागे उभे राहून ऐका. नंतर डावीकडे-उजवीकडे चालून बघा. चालताना आवाज सारखा बदलत असेल तर त्यातला ट्वीटर आणि वूफर एकमेकांशी नीट जुळलेले नाहीत. दुकानदार कितीही वॉट सांगो, तो तिथेच सोडा.